चाळीस अंशांतली फुलबाग: उन्हाळी हंगामी फुलं बियांपासून कशी वाढवायची

जानेवारीत पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधलं पुष्पप्रदर्शन बघायला गेलेला बागप्रेमी माणूस सहसा हात हलवत परत येत नाही. पिटुनिया, पॅन्सी, डॉगफ्लॉवर, फ्लॉक्स असं काहीतरी गाडीतून घरी येतंच. मीही पहिल्या वर्षी अशाच चौदा कुंड्या सोलापूरला आणल्या आणि गच्चीवर ओळीने मांडल्या. फेब्रुवारीभर शेजारपाजारचे लोक बघायला येत होते. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात पानं पिवळी पडायला लागली. मी पाणी वाढवलं, सावली केली, खत घातलं. गुढीपाडव्यापर्यंत चौदाच्या चौदा गेल्या.

त्यात माझ्या कष्टांची कसूर नव्हती, निवड चुकली होती. ती थंडीची फुलं. त्यांचं आयुष्यच तेवढं, पारा पस्तिशीच्या वर गेला की ती आवरतं घेतात. त्यांना जगवण्यात पाणी आणि जीव खर्च करण्याऐवजी उन्हावर पोसणारी फुलं लावावीत. अशी फुलं भरपूर आहेत आणि त्यांचे रंग डिसेंबरच्या फुलांपेक्षा तसूभरही कमी नाहीत.

माझ्या सासूबाई मंगळवेढ्याच्या. तिकडची रब्बीची ज्वारी पेरल्यावर पाण्याचं तोंड न बघता पिकते. पावसाळ्यात काळ्या जमिनीत खोल मुरलेली ओल, आणि त्या ओलीच्या मागे खाली खाली जाणारी मुळं, एवढ्यावर ती उभी असते. माझ्या मेलेल्या कुंड्या बघून त्या म्हणाल्या होत्या, "अगं, उन्हाळा वर दिसतो, पण त्याची तयारी खाली करायची असते. ऊन तापायच्या आधी मूळ खाली गेलं पाहिजे." पुढे जे सगळं लिहिलं आहे, ते या एका वाक्यावर उभं आहे.

आधी फुलं निवडा

दिवसातून सहा तास किंवा जास्त थेट ऊन मिळणारी जागा असेल, तर ही फुलं बिनधास्त लावा.

झिनिया हा उन्हाळ्याचा राजा. मूळचा मेक्सिकोचा. निळा सोडला तर जवळपास प्रत्येक रंगात मिळतो. बी पेरल्यापासून साधारण दोन महिन्यांत फुलं येतात, आणि एक फूल झाडावर दोन-अडीच आठवडे तरी टिकतं. नवशिक्यांनी इथूनच सुरुवात करावी.

पिवळा-नारंगी कॉसमॉस, ज्याला नर्सरीत सल्फर कॉसमॉस म्हणतात, तो माती कशीही असली तरी येतो. गुलाबी-पांढरा, बारीक दोऱ्यासारख्या पानांचा कॉसमॉस वेगळा. तो आपल्याकडे थंडीतच खुलतो. पाकीट घेताना दोघांची गल्लत होते, म्हणून वरचं चित्र नीट बघून घ्या.

ऑफिस टाईम, म्हणजेच चिनी गुलाब किंवा पोर्चुलाका. आपण जी घोळाची भाजी खातो तिचा हा सख्खा नातलग. त्याची मांसल पानं पाणी साठवतात. पाण्याची ओढ बसली की हे झाड पानांवरची सूक्ष्म छिद्रं रात्रीच्या गारव्यात उघडून हवा आत घेतं, त्यामुळे दिवसा पाणी कमी उडतं. सकाळी नऊ-दहाला फुलं उमलतात आणि दुपार उतरताना मिटतात, नाव त्यावरूनच पडलं. एक गंमत जरूर करून बघा. उमललेल्या फुलाच्या मधल्या पिवळ्या केसरांना काडीच्या टोकाने हलकेच स्पर्श करा आणि थोडं थांबा. केसर स्पर्शाच्या दिशेला झुकताना दिसतात. मधमाशी आत शिरली की तिच्या अंगावर पराग लागावा, यासाठीची ही सोय. आमच्या घरची मुलं यात एक अख्खी सकाळ घालवतात.

सदाफुली सगळ्यांना ठाऊक आहे. मादागास्करहून आलेलं हे झाड इतकं अंगवळणी पडलंय की त्याची किंमत वाटत नाही. कर्करोगावरची व्हिनक्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन ही औषधं याच झाडातून मिळाली. मात्र झाड विषारी आहे, घरगुती औषध म्हणून पानं चावायच्या फंदात पडू नका. नव्या जातींत लाल, जांभळट, पीच असे रंग मिळतात आणि त्या भर मे महिन्यात फुललेल्या असतात.

बटण फूल म्हणजे गोम्फ्रेना, आणि कोंबडा म्हणजे सेलोशिया, ही दोन्ही राजगिऱ्याच्या आणि माठाच्या कुळातली. रानात उगवणारी कुरडू तर कोंबड्याचीच बहीण. या कुळाला उन्हाचं भय नाही. बटण फूल वाळलं तरी रंग सोडत नाही, म्हणून मी त्याचे झुपके करून देवघराच्या खिडकीत टांगते. गेल्या वर्षीचे अजून किरमिजी आहेत.

गलांडा, म्हणजे गॅलार्डिया, शेतकऱ्यांचा भरवशाचा. हारवाल्यांकडे असतो, हलक्या जमिनीत येतो, पाण्याला कमी. बुटक्या जातीचं सूर्यफूलही कुंडीत छान होतं.

झेंडूबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. लोक उन्हाळ्यात झेंडू लावायला धावतात, पण एप्रिल-मे मध्ये त्याच्यावर लाल कोळी (पानांतला रस शोषणारी बारीक कीड) तुटून पडतो आणि फुलंही बारीक येतात. झेंडू जुलैत लावावा, दसऱ्या-दिवाळीला तोरणापुरता घरचा मिळतो. उन्हाळ्यात त्याची जागा झिनियाला द्यावी.

जागा आणि कुंडी

परसात जमीन असेल तर निम्मं काम झालं. जमिनीत मुळाला खाली जायला वाट असते. गच्चीवर मात्र ऊन वरून लागतं आणि तापलेला स्लॅब खालून भाजतो. म्हणून कुंड्या थेट फरशीवर ठेवू नका, दोन विटांवर किंवा लाकडी फळीवर ठेवा. खालून वारा खेळला की फरक आठवड्यात दिसतो.

काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या उन्हाळ्यात टाळाव्यात. दुपारी तीनला अशा कुंडीच्या पश्चिमेकडच्या बाजूला हात लावून बघा, टेकवत नाही. त्या बाजूची मुळं आत भाजत असतात. कुंड्या आधीच घेतल्या असतील तर बाहेरून चुना फासा किंवा पोत्याचं कापड गुंडाळा. मातीची कुंडी उत्तम, फक्त तिला पाणी थोडं जास्त लागतं कारण तिच्या अंगातून ते झिरपून उडतं, आणि त्यामुळेच ती गार राहते. माठाचंच तत्त्व.

आकारात काटकसर नको. झिनिया, कॉसमॉस, कोंबडा यांना निदान दहा-बारा इंची कुंडी हवी. सहा इंची कुंडीतली माती मे महिन्यात दुपारपर्यंत कोरडी ठणठणीत होते. ऑफिस टाईमला मात्र पसरट, उथळ कुंडी किंवा जुनी घमेली चालतात, तळाला भोकं पाडलेली. कुंड्या एकमेकींना खेटून ठेवा, बाहेरच्या ओळीची सावली आतल्या कुंड्यांवर पडते.

माती

नुसती काळी माती कुंडीत भरू नका. ती ओली असताना चिकट गोळा होते, वाळली की आकसून कुंडीच्या कडेला फट पडते. मग पाणी घातलं की ते फटीतून सरळ तळाशी जातं. वरून वाटतं पाणी भरपूर झालं, आतला गोळा मात्र कोरडा.

माझं मिश्रण असं: चार भाग माती (पोयटा, म्हणजे नदीकाठची गाळाची माती, मिळाला तर उत्तम), तीन भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, दोन भाग भिजवलेलं कोकोपीट, एक भाग जाडी वाळू. बारा इंची कुंडीला मूठभर निंबोळी पेंड. शेणखत कच्चं असेल तर कुजताना उष्णता सोडतं आणि मुळं खाणारी हुमणी अळीही सोबत येते, त्यामुळे हातात घेऊन वास घ्या. मुरलेल्या खताला शेणाचा वास येत नाही, पावसाळी मातीचा येतो.

सदाफुली आणि ऑफिस टाईम यांच्यासाठी वाळूचं प्रमाण दुप्पट करा. कॉसमॉससाठी खत निम्मं करा. त्याला जास्त खाऊ घातलं की झाड पुरुषभर वाढतं, पानांनी गच्च होतं आणि फुलं येतच नाहीत.

पेरणी: जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य

तारखेबाबत मी हट्टी आहे. संक्रांत झाली की बी आणायचं, जानेवारीचा शेवटचा आठवडा ते फेब्रुवारीची पंधरा तारीख एवढ्यात पेरायचं. म्हणजे मार्चच्या पहिल्या आठवड्यात रोपं कायमच्या जागी जातात आणि पारा चाळिशीला टेकायच्या आत मुळांना महिना-सव्वा महिना मिळतो. एप्रिलमध्ये नर्सरीतून फुललेलं रोप आणून लावलं तर त्याला हा वेळ मिळत नाही. विदर्भात, अकोला-चंद्रपूरकडे, जिथे पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो, तिथे आठवडाभर आधी सुरुवात करा. कोकणात आणि गोव्यात तापमान कमी पण दमट हवा असते, तिथे रोपांमधलं अंतर वाढवा, नाहीतर पानांवर बुरशी धरते.

प्रत्येक बियाची तऱ्हा वेगळी.

झिनियाचं बी चपटं, बाणाच्या टोकासारखं. अर्धा सेंटीमीटर खोल पेरा. उबदार दिवसांत चार ते सात दिवसांत उगवतं. त्याला मूळ हलवलेलं आवडत नाही, म्हणून ट्रेऐवजी कागदी कपात दोन-दोन बिया पेरा आणि पुढे कपासकट लावा, तळ फाडून. कॉसमॉस आणि सूर्यफूल तर थेट कायमच्या कुंडीतच पेरावं.

ऑफिस टाईमचं बी खसखशीपेक्षा बारीक. त्याला उगवायला उजेड लागतो, म्हणून मातीने झाकायचं नाही. वाळूत मिसळून ओल्या मातीवर भुरभुरवा, तळहाताने हलकेच दाबा, बस. कोंबड्याचंही बी बारीक, त्याच्यावर चाळलेल्या मातीचा नुसता पातळ थर पुरे.

सदाफुलीचं उलट. तिला उगवायला अंधार हवा. बी नीट झाका, वर ओलं गोणपाट घाला आणि अंकुर दिसताक्षणी ते काढा. दहा-पंधरा दिवस लागतात, धीर धरा. बटण फुलाचं बी लोकरीत गुंडाळल्यासारखं असतं, रात्रभर पाण्यात भिजवून पेरलं की उगवण सुधारते.

पेरलेल्या ट्रेला झारीने पाणी घालू नका, बी वाहून एका कोपऱ्यात जमा होतं. ट्रे पाण्याच्या परातीत ठेवा, माती खालून ओल ओढून घेईल. वरची माती ओली दिसली की ट्रे बाहेर काढा. सतत चिखलात ठेवलेली कोवळी रोपं बुंध्यापाशी काळी पडून कोलमडतात, आणि एकदा कोलमडलेलं रोप उठत नाही.

रोपं हलवणं

खऱ्या पानांच्या, म्हणजे उगवताना दिसणाऱ्या पहिल्या बीजपानांनंतरच्या पानांच्या, दोन जोड्या आल्या की रोप तयार. त्याआधी आठवडाभर त्याला उन्हाची सवय लावा: पहिले दोन दिवस सकाळचे दोन तास, मग चार, मग दुपारपर्यंत. लावणी संध्याकाळी पाचनंतर करा, म्हणजे रोपाला सावरायला पूर्ण रात्र मिळते. झिनिया-कोंबड्यात नऊ ते बारा इंच अंतर, ऑफिस टाईममध्ये सहा इंच. लावल्यावर चार-पाच दिवस पन्नास टक्के सावलीची हिरवी जाळी किंवा जुनं सुती धोतर वर ताणा. नंतर काढाच. जाळीखाली राहिलेली झिनिया लांबट, लुळी होते.

लावणी झाली की लगेच आच्छादन. आमच्याकडे उसाचं पाचट फुकट मिळतं, मी त्याचे तुकडे करून दोन इंच जाड थर देते. पालापाचोळा, गव्हाचा भुसा, नारळाच्या शेंड्या, जे गावात मिळेल ते चालेल. बुंध्याला चिकटवू नका, दोन बोटं जागा सोडा. भर दुपारी पाचट बाजूला करून खालच्या मातीत बोट घाला, ती गार लागेल. शेजारच्या उघड्या कुंडीत तेच बोट घालवत नाही. उन्हाळी बागेत एकच गोष्ट करायची ताकद असेल तर आच्छादन करा.

पाणी

उन्हाळ्यात जास्त झाडं पाण्याच्या हिशेबात मरतात, आणि दोन्ही बाजूंनी मरतात.

वेळ सकाळची, सहा ते सात. दुपारी पाइप लावला तर पहिलं पाणी जवळजवळ उकळतं असतं, ते आधी बादलीत सोडून द्या. रोज थोडं थोडं शिंपडण्याने फक्त वरचा इंचभर थर ओला होतो, मुळंही तिथेच घुटमळतात, आणि तोच थर दुपारी सगळ्यात आधी तापतो. म्हणून पाणी द्याल तेव्हा तळाच्या भोकातून येईपर्यंत द्या, दहा मिनिटं थांबून पुन्हा एकदा. मग वरचा दोन इंच थर कोरडा होईपर्यंत थांबा. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, ती माती ओळखायला शिका. मुठीत दाबली तर गोळा होतो, बोटाने टोचलं तर सुटतो, आणि हाताला चिखल लागत नाही. मुळाला ओलही हवी आणि हवाही, आणि वाफशावर दोन्ही असतात.

बारा इंची कुंडीतल्या झिनियाला एप्रिल-मे मध्ये बहुधा रोज सकाळी पाणी लागतं. आच्छादन असलेल्या जमिनीतल्या झाडाला तीन-चार दिवसांनी पुरतं. ऑफिस टाईमला एक दिवसाआड, तेही कमी.

आता माझी सगळ्यात महाग पडलेली चूक. दुपारी तीनला सदाफुलीची पानं माना टाकलेली दिसली की मी धावत पाणी घालायची. संध्याकाळी पुन्हा. आठ दिवसांत झाडाचा बुंधा काळा पडला, ओढलं तर मुळासकट हातात आलं, मुळं कुजून मऊ झालेली. नंतर समजलं की दुपारी मान टाकणं ही तहान असतेच असं नाही. पानांतून पाणी उडण्याचा वेग मुळांच्या ओढण्यापेक्षा जास्त झाला की झाड पानं दुमडून घेतं आणि ऊन उतरलं की पुन्हा ताठ होतं. म्हणून झाडाकडे सकाळी साडेसहाला बघा. तेव्हाही पानं लोंबत असतील तर बोट मातीत दोन इंच घाला. कोरडं लागलं तर तहान आहे, पाणी द्या. ओलं लागलं तर मूळ बिघडलंय, पाणी ताबडतोब थांबवा.

हाच धडा अवकाशातही गिरवावा लागला. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात झिनिया लावली होती. डिसेंबर २०१५ मध्ये जास्तीच्या ओलाव्याने पानांवर बुरशी आली, काही रोपं दगावली. अंतराळवीर स्कॉट केली यांनी मग ठरलेलं वेळापत्रक बाजूला ठेवून, रोपाकडे बघून पाणी द्यायची मुभा मागून घेतली. जानेवारी २०१६ मध्ये तिथे नारंगी झिनिया उमलली. त्यांचा फोटो मी माझ्या बागेच्या वहीत चिकटवलाय.

खुडणं

रोप वीतभर झालं आणि पानांच्या तीन-चार जोड्या आल्या की झिनिया, कॉसमॉस, कोंबड्याच्या पिसासारख्या तुऱ्यांच्या जाती आणि बटण फूल यांचा शेंडा नखाने खुडा. पहिल्यांदा हात धजावत नाही, मला माहीत आहे. पण एका खोडाची चार खोडं होतात. चपट्या, मेंदूसारख्या एकाच मोठ्या तुऱ्याचा कोंबडा मात्र खुडू नका, त्याचा तुरा शेंड्यावरच येतो. सूर्यफुलाचीही एकाच फुलाची जात असेल तर हात लावू नका.

सुकलेली फुलं आठवड्यातून दोनदा काढा, खालच्या पानाच्या जोडीपर्यंत. बी धरायला लागलं की झाडाला वाटतं काम झालं. फुलदाणीसाठी झिनिया कापताना फुलाखाली वीतभर अंतरावर देठ धरून हलवा. मान लटपटली तर फूल कच्चं आहे, दोन दिवसांत कोमेजेल. देठ काठीसारखा ताठ राहिला तर कापा, आठवडाभर टिकेल.

खताचं थोडक्यात: महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत आणि चमचाभर निंबोळी पेंड मातीत खुरपून द्या. कोरड्या मातीत कधीच खत घालू नका, आधी पाणी. मे महिन्यात रासायनिक खत मी पूर्ण बंद ठेवते.

कीड आणि रोग

झिनियाच्या पानांवर पांढरी भुकटी दिसली तर ती भुरी. दाटी कमी करा, खालची पानं काढा, पाणी पानांवर न घालता मुळाशी घाला. गंधकाची फवारणी पारा बत्तीसच्या वर असताना करू नका, पानं भाजतात, आणि आपल्या उन्हाळ्यात म्हणजे जवळपास कधीच नको.

पानं धुळकट, फिकट आणि मागे बारीक जाळी दिसली तर लाल कोळी. त्याला कोरडी, तापलेली हवा मानवते. तीन दिवस सलग पहाटे पानांच्या मागच्या बाजूवर पाण्याचा जोरदार फवारा मारा, निम्मा बंदोबस्त तिथेच होतो. मावा, पिठ्या ढेकूण यांच्यासाठी लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा सौम्य साबण घुसळून संध्याकाळी फवारा. दुपारी तेल फवारलं तर पानं तळल्यासारखी होतात. मधमाश्या घरी गेल्यावरच फवारणी करायची, हा आमच्या घरचा नियम आहे.

वळीव आणि बी

मे महिन्यात कधीतरी दुपारी आभाळ भरून येतं आणि वळवाचा पाऊस कोसळतो. त्याआधीच उंच कॉसमॉसना बांबूच्या काठीचा आधार बांधून ठेवा. सदाफुलीच्या कुंडीखालच्या थाळ्या काढून टाका, साचलेलं पाणी तिला एका रात्रीत नेतं.

बी धरायचं ते पावसाच्या आधी. सगळ्यात ठसठशीत दोन-तीन फुलं एप्रिलमध्येच दोरा बांधून राखून ठेवा, खुडू नका. झिनियाचं फूल पूर्ण तपकिरी, कुरकुरीत झालं की हातात चुरडा. बी पाकळीच्या बुडाशी चिकटलेलं सापडेल. ऑफिस टाईमची बोंडं फार सुरेख असतात, टाचणीच्या डोक्याहून थोडी मोठी, वर टोपणासारखं झाकण. पिकली की झाकण आपोआप निघतं आणि आत चांदीच्या भुकटीसारखं करडं बी चमकतं. वाऱ्याच्या आधी खाली कागद धरून झटकून घ्या. संकरित जातीचं बी मात्र आईसारखी फुलं देईलच असं नाही.

बी चार दिवस सावलीत वाळवा, कागदी पाकिटात घाला, वर फुलाचं नाव, रंग आणि तारीख लिहा. प्लास्टिकची पिशवी नको, आत घाम धरतो. पाकिटं डब्यात, डब्यात चमचाभर राख, आणि डबा घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात. आमच्याकडे तो देवघराखालच्या कपाटात असतो, आणि संक्रांतीचे तीळगूळ वाटून झाले की सासूबाई स्वतःच तो बाहेर काढून ठेवतात.